रेनकोटवरचा तेलाचा डाग: भांड्याचं लिक्विड, टेक वॉश, रॉकेल की लॉन्ड्री?

मे संपत आला की रेनकोटवरचा तेलाचा डाग कसा काढायचा हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि उत्तरं पण ठरलेली, कोण म्हणतं रॉकेल लाव, कोण म्हणतं पावडर टाक, कोण म्हणतं कशाला डोकं लावतोस, लॉन्ड्रीत दे. माझं म्हणणं असं की डाग कसला ते नंतर बघा, आधी कापड कसलं आहे ते बघा. तेल काय, यातल्या बऱ्याच गोष्टींनी निघतं, पण तेलाबरोबर अजून काय काय निघून जातं तिथेच सगळी गंमत फसते.

आपल्या कोकण किनाऱ्यावर रेनकोटचे साधारण तीन प्रकार दिसतात. एक तो जाड पीव्हीसीचा, मिरकरवाड्याला किंवा हर्णैला बोटीवर खलाशी घालतात तो, बाहेरून गुळगुळीत आणि हवा अजिबात न जाणारा. दुसरा नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा, आतून पीयूचं (पॉलियुरेथेन, एक प्रकारचं प्लास्टिक) कोटिंग असलेला, बाइकवाले आणि ट्रेकवाले बहुतेक हाच घेतात. तिसरा महागडा मेंब्रेनवाला, गोअर-टेक्स वगैरे, १९७६ पासून बाजारात आहे, यात बाहेरच्या कापडाच्या आत एक पातळ पडदा असतो जो पाणी अडवतो पण घामाची वाफ बाहेर सोडतो. लेबल वाचलं की कळतं, लेबल फाटलं असेल तर आतली बाजू बघा, शिवणीवर पारदर्शक पट्टी चिकटवलेली असेल तर दुसरा किंवा तिसरा समजा.

या दोन्हींच्या बाहेरच्या कापडावर पाणी झटकणारी एक फिनिश असते, तिच्यामुळे थेंब मोत्यासारखे घरंगळतात. तेलाचा पृष्ठताण (थेंबाला गोल धरून ठेवणारा ताण) पाण्याच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे ते घरंगळत नाही, पसरतं आणि धाग्यात शिरतं. मग तेवढ्या जागी पाणी पण चिकटायला लागतं, कापड ओलं आणि जड होतं, वाफ बाहेर जात नाही, आत घाम साचतो आणि आपण म्हणतो जॅकेट गळतंय. आणि एक गोष्ट नवीन जॅकेट घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, जुन्या फ्लोरिनवाल्या फिनिश तेलाला पण थोडंफार दूर ठेवायच्या, आता पर्यावरणासाठी त्या बंद होत चालल्यात (अमेरिकेत कॅलिफोर्नियात २०२५ पासून असे कपडे विकायला बंदी आहे), नवीन फिनिश पाण्याला चांगल्या पण तेलापुढे कमी पडतात. म्हणजे नवं कोरं जॅकेट डाग लवकर धरतं, त्यात जॅकेटचा दोष नाही.

आता मुद्द्यावर. भांडी घासायचं लिक्विड माझ्या मते पहिला पर्याय आणि दहातल्या आठ जणांना पुढे जायची गरजच नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, स्वस्त आहे, चरबी सोडवण्यासाठीच बनवलेलं आहे. फक्त लोक आधी जॅकेट बादलीत बुडवतात आणि मग लिक्विड टाकतात, त्याने ताकद पाण्यातच जाते. डाग कोरडा असतानाच त्यावर थेट दोन थेंब टाका, बोटाने किंवा जुन्या मऊ टूथब्रशने हलक्या हाताने पसरवा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग कोमट पाणी. बाइकच्या चेनचं काळं किंवा इंजिनचं ग्रीस असेल तर आधी कागदाने टिपून घ्या, घासू नका, घासलं की डाग मोठा होतो, आणि हाच प्रकार दोन-तीनदा करावा लागेल. हुडवरचं आणि कॉलरवरचं खोबरेल, जे खरं तर आपल्याकडचा सगळ्यात कॉमन डाग आहे, ते तर याने एका फेरीत जातं, खोबरेल साधारण २४ डिग्रीच्या खाली गोठतं म्हणून पाणी कोमट पाहिजे, गार नको.

तोटा एकच पण मोठा. लिक्विडचा अंश कापडात राहिला तर तोच पाणी ओढून घेतो. म्हणजे डाग गेला आणि जॅकेट परत भिजायला लागलं. त्यामुळे फेस संपला म्हणून थांबू नका, त्यानंतर पण दोन वेळा साध्या पाण्यातून काढा.

कपडे धुवायची पावडर याच कारणासाठी मला नको वाटते, तिच्यात सुगंध आणि बाकीचं पण बरंच असतं आणि खळबळून पण पूर्ण जात नाही. सॉफ्टनर तर अजिबात नको. ब्लीच पण नको.

टेक वॉश म्हणजे अशा कपड्यांसाठीचा वेगळा साबण, निकवॅक्स कंपनीचा वगैरे मिळतो, रत्नागिरी-मालवणात दुकानात शोधत बसण्यापेक्षा ऑनलाइन मागवा. भांड्याच्या लिक्विडच्या मानाने खूप महाग. हा मळ, घाम, समुद्राचं मीठ छान काढतो आणि मागे अंश ठेवत नाही, पण खऱ्या ग्रीसवर एकटा कमी पडतो. म्हणून मेंब्रेनवालं जॅकेट असेल तर दोन्ही वापरा, डागावर लिक्विड आणि नंतर पूर्ण जॅकेट टेक वॉशने. पीव्हीसीच्या रेनकोटसाठी यावर पैसे घालवायची काहीच गरज नाही, तो लिक्विड आणि फडक्याने साफ होतो.

टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लॉवर ही सोय आहे, उपाय नाही. सुरमई तळताना ताजं तेल उडालं, लगेच टाकलं, तासाभराने झटकलं, तर वरवरचं तेल शोषलं जातं आणि नंतरचं काम हलकं होतं. जुन्या डागावर काही होत नाही.

रॉकेल, पेट्रोल, थिनर. बंदरावर हे सर्रास चालतं, मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते तेव्हा इंजिनं खोलली जातात आणि ग्रीसने माखलेले कपडे रॉकेलच्या डब्यात जातात. ग्रीस जातं, खोटं कशाला बोलू. पण पीव्हीसी मऊ ठेवणारं जे द्रव्य असतं ते पण याने बाहेर येतं आणि रेनकोट कडक होऊन घडीवर तडकतो. पीयूचं कोटिंग फुगतं, शिवणीवरच्या पट्टीचा गोंद सुटतो, आणि एकदा पट्टी सुटली की पाणी तिथूनच येणार. वर पेट घ्यायची भीती. कृपा करून नका करू.

लॉन्ड्री फक्त तेव्हा, जेव्हा लेबलवर ड्रायक्लीन चालेल असं लिहिलंय आणि दुकानदार ते लेबल खरंच वाचतो. नाहीतर ड्रायक्लीनच्या सॉल्व्हंटने (डाग विरघळवणाऱ्या द्रवाने) तोच प्रकार होतो जो रॉकेलने होतो.

मशीनचं विचाराल तर लेबलवर चालत असेल तरच, ३०-४० डिग्रीला, आणि जोराचा स्पिन बंद. वॉटरप्रूफ कापडात पाणी पिशवीसारखं अडकतं, ड्रम असमतोल होऊन मशीन हादरतं, अपघात होऊ शकतो.

वाळवणं हा कोकणातला खरा प्रश्न. जुलैत पडवीत टांगलेला कपडा दोन दिवस दमट राहतो आणि बुरशी धरतो, म्हणून डाग शक्यतो मेमध्येच काढा, सावलीत, आधी उलटा करून आणि मग सुलटा. डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री लावू नका, उष्णतेने तेल आत पक्कं बसतं. गेल्यावर मात्र लेबल परवानगी देत असेल तर मध्ये सुती कापड ठेवून मंद इस्त्री, वाफ न देता, त्याने पाणी झटकणारी फिनिश परत जागी होते. पीव्हीसीला इस्त्री कधीच नाही.

आणि जॅकेटच्या आतून पापुद्रे सुटायला लागले असतील, हाताला चिकट लागत असेल, तर पीयूचं कोटिंग दमट हवेने गेलंय. त्यावरचा डाग काढण्यात वेळ घालवू नका, ते पैसे नव्यासाठी ठेवा.