रॅम गळते तेव्हा: ड्रायव्हर बदलायचा, नूव्हो लावायचा, की कार्डच काढायचं?

गणपती पेठेत माझ्या मावसबहिणीचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. मशीनला ८ जीबी रॅम, एनव्हिडियाचं जीटी १०३० ग्राफिक्स कार्ड, वर लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम. ऐन लग्नसराईत तिचा फोन आला, "दादा, सकाळी पळतंय छान, पण चार वाजले की साधी फाईल सेव्ह करायला रडतंय बघ." तिला कुणी सांगितलं होतं की कार्ड चालवणारा ड्रायव्हर मेमरी गळवतोय, म्हणजे घेतलेली रॅम परत देत नाही, त्याच्या जागी नूव्हो हा दुसरा ड्रायव्हर टाका. दुसऱ्या एकाने सांगितलं, कार्डच बदला. दोन्ही सल्ले कधीकधी बरोबर ठरतात, पण त्याआधी मोजायला हवं.

दिवसभर दुकानात बसलो आणि दर अर्ध्या तासाने एका जुन्या पत्रिकेच्या पाठीवर आकडे लिहीत गेलो. टर्मिनलमध्ये ‘फ्री’ ही आज्ञा दिली की दिसणाऱ्या तक्त्यात पुष्कळजण ‘फ्री’चा रकाना बघून घाबरतात. तो बघू नका. लिनक्स रिकामी रॅम फायलींच्या कॅशेसाठी वापरतं आणि लागली की परत देतं. बघायचा तो ‘अव्हेलेबल’चा रकाना. तो सकाळी ५ जीबीच्या वर होता, दुपारी तीनला १ जीबीच्या खाली. म्हणजे गळती खरी होती. चालू प्रोग्रॅमांची यादी दाखवणाऱ्या ‘टॉप’मध्ये मेमरीप्रमाणे क्रम लावला, तर एक्सऑर्ग, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणारा प्रोग्रॅम, सकाळच्या १४० एमबीवरून २ जीबीच्या पुढे गेलेला.

इथे कुणीही ड्रायव्हरवर बोट ठेवेल. पण एक्सऑर्ग दुसऱ्या प्रोग्रॅमांची चित्रं आपल्याकडे सांभाळून ठेवतो आणि त्यांचा भार त्याच्याच नावावर चढतो. कुणाची किती चित्रं आहेत, ते ‘एक्सरेसटॉप’ दाखवतं. त्यात वरच्याच ओळीला पॅनेलवरचं एक छोटं अॅपलेट होतं, दर मिनिटाला वॉलपेपर बदलणारं. जुनं चित्र सोडायचं ते विसरत होतं. अॅपलेट काढलं आणि संध्याकाळी सातपर्यंत एक्सऑर्गचा आकडा हलला नाही. ड्रायव्हरला हातही लावला नाही.

म्हणून कुठलाही निर्णय घेण्याआधी एक परीक्षा कराच. मशीन जड झालं की सगळं सेव्ह करून लॉग आउट करा, पुन्हा लॉग इन करा. मेमरी परत आली, तर गळती एखाद्या प्रोग्रॅममध्ये, डेस्कटॉपमध्ये किंवा ड्रायव्हरच्या त्या भागात आहे जो प्रोग्रॅमच्या आत बसून चालतो. प्रोग्रॅम संपला की त्याची मेमरी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, काढून घेतोच. लॉग आउट करूनही परत आली नाही, ‘टॉप’मधल्या सगळ्यांची बेरीजही वापरलेल्या रॅमपेक्षा फारच कमी भरली आणि मशीन रीस्टार्ट केल्यावरच सुटका झाली, तर मात्र कर्नलमधल्या ड्रायव्हरवर संशय घ्यायला जागा आहे. इंटेलच्या प्रोसेसरमध्येच असलेल्या, अंगच्या ग्राफिक्सवर याची खूण वेगळी असते. तिथे चित्रांची मेमरी ‘फ्री’च्या तक्त्यात ‘शेअर्ड’च्या रकान्यात मोजली जाते, तोच रकाना फुगत जातो.

आता समजा संशय ड्रायव्हरवरच येऊन थांबला. पहिला पर्याय म्हणजे कंपनीचा ड्रायव्हर ठेवून फक्त आवृत्ती बदलणं. मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमध्ये दोन-तीन आवृत्त्या दिसतात. आधी टाइमशिफ्टने सिस्टिमचा स्नॅपशॉट घ्या, म्हणजे बिघडलं तर परत येता येईल, मग एक आवृत्ती मागे जा. पूर्वी नीट चालत होतं आणि अपडेटनंतर बिघडलं, असं असेल तर मी इथूनच सुरुवात करेन. मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रब मेनूच्या अॅडव्हान्स्ड पर्यायातून जुना कर्नल चालवून बघणंही फुकट आहे. ब्लेंडरमध्ये कार्डावर रेंडर करणारे किंवा लग्नाचे व्हिडिओ कार्डाच्या एन्कोडरवर काढणारे यांनी दुसरीकडे बघूच नये, कारण क्यूडा (कार्डावर गणित करण्याची एनव्हिडियाची सोय) आणि एनव्हेंक (तिचा व्हिडिओ एन्कोडर) कंपनीच्या ड्रायव्हरशिवाय चालत नाहीत. मात्र जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेच्या कार्डांसाठी ५८० ही ड्रायव्हरच्या आवृत्त्यांची शेवटची शाखा आहे. त्यापुढच्या आवृत्त्या ही कार्डं ओळखत नाहीत. म्हणजे पुढे जायची वाट बंद, फक्त मागे जायची उघडी.

दुसरा पर्याय नूव्हो. हा मोकळा ड्रायव्हर कर्नलमध्येच येतो आणि वेगळं काही टाकावं लागत नाही. पण ‘नूव्हो टाका’ म्हणणारे कार्ड कुठल्या पिढीचं आहे हे विचारत नाहीत, आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे. जीटी १०३० पास्कल पिढीचं आहे. त्या पिढीत कार्डाचा वेग बदलायला कंपनीची सही असलेलं फर्मवेअर लागतं आणि नूव्होला ते मिळालेलं नाही. त्यामुळे कार्ड सुरू होताना ज्या कमी वेगावर असतं, तिथेच अडकतं. गळती थांबेलही, पण रोजचं कामच संथ होईल. टुरिंगपासून पुढे, म्हणजे जीटीएक्स १६०० आणि आरटीएक्स कार्डांवर, गोष्ट वेगळी. २०२४ च्या जानेवारीत आलेल्या ६.७ कर्नलपासून तिथे नूव्हो पूर्ण वेग गाठू शकतो. इन्स्टॉल करण्याआधी मिंटचा लाइव्ह पेन ड्राइव्ह लावा, म्हणजे इन्स्टॉल न करता मिंट त्यावरूनच चालेल. तो नूव्होवरच चालतो, अर्ध्या तासात कळतं.

तिसरा पर्याय कार्ड काढून टाकण्याचा, आणि पत्रिका, फ्लेक्स, टायपिंग, बिलं असं काम असणाऱ्या दुकानांना मी हाच सुचवतो. पत्रिका आखायचा इंकस्केप कॅनव्हास रंगवतो तो मुख्यतः प्रोसेसरच्या जोरावर. फोटो सुधारायच्या गिंपचंही बहुतेक काम तसंच. मग कार्ड तिथे नेमकं काय करतंय? इंटेलचा प्रोसेसर असेल तर त्याच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ नाही, एवढं बघा. ‘एफ’वाल्यात अंगचं ग्राफिक्स नसतं. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावायची, झालं. एक किंमत मात्र आहे: अंगचं ग्राफिक्स मुख्य रॅममधूनच वाटा घेतं. म्हणून कार्डाला लागणारे पैसे रॅमच्या आणखी एका ८ जीबीच्या पट्टीत घाला.

कार्ड हवंच असेल आणि क्यूडा नको असेल, तर एएमडीचं घ्या. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, वेगळी शाखा सांभाळावी लागत नाही. यावर यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं नाही.

एक्सऑर्गच्या (म्हणजे ‘एक्स’च्या) जागी येणाऱ्या नव्या वेलँडवर जाऊ का, हेही विचारलं जातं. गळतीवर उपाय म्हणून नको. मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपवर एक्स चालू असेल तर कंट्रोल-ऑल्ट-एस्केप दाबून नुसता डेस्कटॉप पुन्हा सुरू होतो, उघड्या फायली तशाच राहतात. गिऱ्हाईक समोर उभं असताना ही सोय फार मोठी असते. नोम या दुसऱ्या डेस्कटॉपच्या वेलँडवर ती नाही, तिथे लॉग आउटच करावं लागतं.

बहिणीला मी एवढंच सांगून आलो की सध्या काहीच बदलू नकोस, फक्त टाइमशिफ्ट रोज रात्री चालू राहू दे. नवीन पट्टी लग्नसराई संपल्यावर बसवायची ठरली आहे. तोवर आकड्यांची ती पत्रिका तिने मॉनिटरच्या कडेला चिकटवली आहे आणि दुपारी तीनला ‘अव्हेलेबल’ किती ते ती स्वतःच लिहिते.