रोलँड-मॉरिस प्रश्नावली: कंबरदुखीच्या पेशंटवर काही महिने वापरल्यानंतर

कंबरदुखीमुळे रोजची कामं किती अडतात ते मोजणारी चोवीस वाक्यं, लागू पडेल त्यावर खूण, जितक्या खुणा तितका स्कोअर आणि तितका त्रास जास्त. एक पान, वापरायला फुकट, परवानगीची भानगड नाही. खर्च फक्त झेरॉक्सचा. बीड जिल्ह्यातल्या माझ्या छोट्या फिजिओथेरपी क्लिनिकला हीच परवडते, म्हणून पावसाळ्याआधीपासून जुनाट कंबरदुखीच्या प्रत्येक पेशंटकडून भरून घेतोय. बहुतेकांना वाचून दाखवावी लागते.

परवा मात्र संताप आला. दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या एक मावशी यंदा कंबरेमुळे घरी राहिल्या. स्कोअर 24 पैकी 9. ‘मोजे घालताना त्रास होतो’ हे वाचल्यावर म्हणाल्या, “डॉक्टर, मोजे कामून घालू मी?” खूण नाही, म्हणजे शून्य. कठडा धरून जिना चढणं? घर पत्र्याचं, जिनाच नाही. शून्य. खुर्चीतून उठणं, आरामखुर्चीतून उठणं, पुन्हा शून्य. ‘लागू नाही’ला जागाच नाही, ज्याला त्रास नाही आणि ज्याच्याकडे ती वस्तूच नाही, दोघांना एकच गुण. उकिडवं बसून खुरपणं, हापशावरून घागर आणणं, मोळी डोक्यावर घेणं यांतलं काहीच थेट विचारलेलं नाही. मोज्यांचं ते वाक्य मला अजून सहन होत नाही.

ही वाक्यं 136 वाक्यांच्या एका अमेरिकन प्रश्नावलीतून ब्रिटनमधल्या संशोधकांनी निवडून 1983 मध्ये प्रसिद्ध केली. तिथे मोजे असणारच. आपल्याकडे क्रोनबाख अल्फा नावाचा आकडा 0.70 च्या वर गेला की प्रश्नावली वैध ठरली असं सर्रास बोललं जातं, ते मला मान्य नाही. अल्फा वाक्यं एकमेकांशी किती जुळतात तेवढंच सांगतो. पेशंटचं खरं काम त्यात आलंय का, ते नाही. प्रश्नावली दुसऱ्या भाषेत आणायची तर भाषांतर, उलट भाषांतर (म्हणजे परत मूळ भाषेत), तज्ज्ञांची समिती, मग 30 ते 40 पेशंटवर चाचणी, असा रीतसर क्रम आहे. ही शेवटची पायरी ऊसतोडीच्या तांड्यावर आणि कापसाच्या रानात व्हायला हवी. त्या चाचणीत मोज्यांच्या जागी पायातला काटा काढणं ठेवून बघा.

तरी जुने कागद चाळले तेव्हा मत थोडं बदललं. एकाच पेशंटची आधीची आणि नंतरची तुलना करायला ती कामाची आहे, कारण जिना दोन्ही वेळा नसतोच. स्कोअर पहिल्यापेक्षा 30 टक्के उतरला तर सुधारणा अर्थपूर्ण मानतात. माझ्याकडे ज्यांचा तेवढा उतरला ते बहुतेक स्वतःच सांगत होते, “रात्री कूस बदलता येऊ लालीय.” पण दोन पेशंटमध्ये कुणाला जास्त त्रास, हे या आकड्यावरून ठरवू नका.

वाक्यं मी बदललेली नाहीत; एक बदललं की जुन्या आकड्यांशी तुलना तुटते. कागदाच्या कोऱ्या बाजूला पेशंटनेच सांगितलेली तीन कामं लिहितो, प्रत्येकाला 0 ते 10 गुण. 0 म्हणजे जमतच नाही, 10 म्हणजे दुखण्याआधीसारखं. मावशींनी खुरपणीला 1 दिला, घागरीला 2, मोळीला 0.