चिखलदऱ्याच्या केबिनवाल्यांनी काय बांधावं: बंद हॉल की उघडा मंडप?

आठ-दहा नागपूरकर कुटुंबांनी चिखलदऱ्याला प्लॉट घेऊन केबिनी उभ्या केल्या, की वर्षा-दोन वर्षांत एक विषय निघतोच: सगळ्यांनी मिळून बसायचं कुठे? केबिनीच्या ओसरीत चार खुर्च्या मावतात. मग दोन तट पडतात. एकांना स्वयंपाकघर-बाथरूमसह बंद हॉल हवा असतो. दुसऱ्यांना दगडी ओटा, वर छप्पर आणि चारी बाजू मोकळ्या एवढ्यात समाधान. पैसे दोन्हींना पुरत नाहीत.

आपण तिथे जातो कधी, ते आधी पाहा. मे महिन्यात नागपुरात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की माणूस 1118 मीटर उंचीवर कशासाठी पळतो? वाऱ्यासाठी. तिथेही भिंतींच्या आत पंख्याखाली बसायचं, तर सव्वादोनशे किलोमीटर गाडी कशाला हाकायची? उन्हाळ्यात मंडप सरळ जिंकतो. फक्त शेकोटीचा नाद सोडा. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम, आणि शेजारी मेळघाटचं वाळलेलं जंगल. त्या दिवसांत स्वयंपाक गॅसवरच, तोही आडोशाला.

पावसाळ्यात चित्र उलटतं. जुलैत चिखलदऱ्याला ढग जमिनीवर उतरतात, पाऊस आडवा येतो आणि उघड्या मंडपात मधल्या खांबापर्यंत फरशी ओली होते. लहान पोरं, गुडघे धरलेल्या आजी, वाळत घातलेले कपडे, सगळ्यांना हॉल लागतो. मंडपावर पत्रा असेल तर सरीत शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. कवेलू घातले तर आवाज कमी, पण माकडं ते सरकवतात, फोडतात आणि दर उन्हाळ्यात माणूस लावून छप्पर फेरावं लागतं. मी तरी पत्राच घालीन. पाऊस मोठा झाला की गप्पा थांबवू.

हिवाळा मात्र पूर्णपणे मंडपाचा. गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजायचे, बाजूला वांग्याची भाजी रटरटतेय, धूर ज्याच्याकडे जाईल तो खुर्ची सरकवतोय. हे हॉलमध्ये होत नाही, आणि हॉलच्या अंगणात केलं तर निम्मी मंडळी आत मोबाइल घेऊन बसतात. आर मात्र ओट्यावरच्या दगडी खड्ड्यात, आणि उठताना पाणी ओतून विझवलेला.

आता कुणी नसतानाचे दिवस, कारण वर्षातले बहुतेक दिवस तेच असतात. हॉलला कुलूप लागतं. किल्ली एकाकडे, तो नागपुरात. पावसाळाभर बंद राहिला की गाद्यांना बुरशी धरते, भिंती ओल पितात. शिवाय हॉल हळूहळू 'बुकिंग'चा होतो: कुणाचा वाढदिवस, कुणाच्या ऑफिसची पार्टी. मंडपात कुलपाची भानगड नाही. चहा घेऊन एक जण बसला की दुसरा येतो. पण तिथे माकडंही येतात, शनिवार-रविवारचे पर्यटकही, आणि बाटल्या चौकीदाराला उचलाव्या लागतात. खरकटं उघड्यावर टाकलंत तर रात्री अस्वलही येऊ शकतं, हे जंगलाला लागून असलेल्यांनी गमतीवारी घेऊ नये. कचऱ्याला घट्ट झाकणाचा डबा हवाच.

खर्चात भिंती, दारं-खिडक्या आणि नळकाम यांनीच हॉल महाग होतो. परवानगीचं म्हणाल तर मंडप स्वस्तात सुटत नाही. पक्कं छत आलं की नकाशा मंजूर करून घेणं आलंच.

माझं मत मंडपाकडे, पण दोन भिंतींच्या. पावसाचा मारा पश्चिमेकडून आणि दक्षिणेकडून येतो, तेवढ्या बाजू दगडाने बंद करा. पश्चिमेच्या भिंतीला लागून गॅसची छोटी खोली आणि भांड्यांचं कपाट. कुलूप फक्त तिला. पूर्व-उत्तर मोकळी. तुमच्यातली बहुतेक कुटुंबं जुलै-ऑगस्टमध्येच, आई-वडिलांना घेऊन जाणारी असतील तर माझं ऐकू नका, हॉल बांधा. पण मग चौकीदाराला पगारासोबत किल्लीही द्या, आणि पावसाळ्यात रोज दुपारी खिडक्या उघडायचं काम त्याच्याकडे लावा.