ठेला, निगमचा गाळा की राजवाड्याजवळचं भाड्याचं दुकान?

घरून चकली, अनारसे, उपवासाची भाजणी देता देता वाटू लागतं की आता चार लोकांच्या नजरेसमोर यायला हवं. इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर भागात दिवाळी आटोपली की कितीतरी घरांत ही चर्चा रंगते. समोर मुख्य वाटा तीन: पथविक्रेता म्हणून ठेला लावायचा, निगमच्या, म्हणजे इंदूर महापालिकेच्या, बाजारातला गाळा घ्यायचा, नाहीतर होळकरांच्या जुन्या राजवाड्याच्या आसपास भाड्याने दुकान थाटायचं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जागा गर्दी बघून निवडू नका, कागद बघून निवडा. निगम जिथे पैसा ओततं तिथे गिऱ्हाईक येतंच, पण त्याचा फायदा ज्याच्या हातात जागेचा पक्का कागद आहे त्याच्या गल्ल्यात जातो. बाकीच्यांचं फक्त भाडं वाढतं.

छप्पन दुकानचंच बघा. न्यू पलासियातल्या या खाऊगल्लीचं 2020 मध्ये स्मार्ट सिटीच्या पैशातून रूपडं पालटलं. गाड्या बाहेर, मधला रस्ता फक्त चालणाऱ्यांना, बसायला जागा, एकसारखे फलक. 56 दुकानांचं काम 56 दिवसांत केलं म्हणून गवगवाही झाला. एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या केंद्रीय संस्थेचा ‘क्लीन स्ट्रीट फूड हब’चा शिक्काही त्या बाजाराला मिळालेला आहे. बाहेरगावचा पाहुणा आला की आपण त्याला तिथेच नेतो. पण दुकानं 56 होती ती 56च राहिली. नव्या माणसाला आत शिरायचं तर जुन्यातल्या कुणीतरी उठायला हवं, आणि रंगात आलेला डाव सोडून कोण उठतो? तेव्हा छप्पन बघून यायला उत्तम, पण आपल्या यादीत ते धरायचं नाही.

ठेला: भांडवल कमी, कायदा भक्कम, कटकट रोजची

ठेल्याला कायद्याचं पाठबळ सगळ्यात जास्त आहे, हे बहुतेकांच्या गावी नसतं. 2014 चा पथविक्रेता कायदा सांगतो की शहरातल्या विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं, त्यांना प्रमाणपत्र आणि ओळखपत्र द्यायचं, आणि सर्वेक्षण पुरं होऊन प्रमाणपत्रं वाटली जाईपर्यंत कुणाला उठवायचं नाही. उठवायचं किंवा दुसरीकडे हलवायचं झालं तर 30 दिवसांची नोटीस हवी. माल जप्त केला तर त्याची यादी द्यावी लागते. ठरलेली रक्कम भरून मागणी केली की नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा कामाच्या दोन दिवसांत परत करायचा असतो. हे सगळं ठरवणाऱ्या टाउन वेंडिंग कमिटीत निदान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात, आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका.

आता प्रत्यक्षात काय होतं? सणासुदीला, कुणी बडा पाहुणा यायचा असला की किंवा स्वच्छतेच्या पाहणीच्या दिवसांत रिमूव्हल गँगची, म्हणजे अतिक्रमण हटवणाऱ्या निगमच्या पथकाची, गाडी येते. गाडी आली की गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला पहिला ठेलेवाला शीळ घालतो आणि मिनिटभरात रस्ता मोकळा होतो. अशा वेळी कलम कोण वाचून दाखवणार? तरीही प्रमाणपत्र असलेला आणि नसलेला यांत फरक पडतोच. ज्याच्याकडे कागद आहे त्याला दुसऱ्या दिवशी निगमच्या झोन ऑफिसात जाऊन माल मागता येतो. नसलेल्याने मागायचा कशाच्या जोरावर?

आणखी दोन अटी नीट वाचा. धंदा स्वतः किंवा घरच्यांनी करायचा असतो, आणि उपजीविकेचं दुसरं साधन नाही असं लिहून द्यावं लागतं. तुमची स्वतःची नोकरी चालू असेल आणि ठेला पगारी पोऱ्याच्या हाती द्यायचा विचार असेल, तर ही वाट तुमची नाही. प्रमाणपत्र विकता किंवा भाड्यानेही देता येत नाही. जागाही प्रमाणपत्रावर ठरलेली असते: एका जागी उभं राहणारा विक्रेता वेगळा, फिरता वेगळा. अर्ज भरताना ‘फिरता’वर खूण झाली आणि रोज एकाच कोपऱ्यावर उभे राहिलात, तर कागद असूनही अडचण.

पैशाच्या बाजूने ठेल्यासारखी सोय नाही. पीएम स्वनिधी योजना 1 जून 2020 ला सुरू झाली, आणि ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने तिची मुदत 31 मार्च 2030 पर्यंत वाढवली. पहिलं कर्ज आता 15,000 रुपयांपर्यंत, ते फेडलं की 25,000, मग 50,000. तारण लागत नाही. हप्ते वेळेवर गेले तर 7 टक्के व्याज सरकार परत देतं. कागद म्हणजे निगमचं प्रमाणपत्र, ओळखपत्र किंवा निदान शिफारसपत्र. झोन ऑफिसातली पहिली फेरी त्यासाठीच मारा. अर्ज भरण्याआधी आधारवरचं आडनाव बँकेच्या पासबुकाशी अक्षर न् अक्षर जुळतंय ना ते घरीच बघून जा. कुलकर्णीचं कुलकर्नी झालेलं असलं की काउंटरवर ते कुणी सुधारत बसत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. फराळाचा डबाबंद माल ठेल्यावर फारसा खपत नाही. तिथे गरम लागतं: साबुदाण्याची खिचडी, थालीपीठ, उपवासाचे पदार्थ. पोह्यांच्या वाटेला जाऊच नका. या शहरात पहाटेपासून कोपऱ्याकोपऱ्यावर जिरावन हा इंदुरी मसाला भुरभुरलेले पोहे मिळतात, आणि प्रत्येकाचा पोहेवाला ठरलेला असतो. थालीपीठ आणि लोण्याचा गोळा मात्र इंदुरी माणसाला अजून नवलाचा वाटतो.

निगमचा गाळा: मिळाला तर सोनं, पण कुणाकडून मिळतोय?

निगम आपल्या बाजारातले गाळे लिलाव किंवा निविदेने देतं. एकरकमी प्रीमियम बोलायचा, मग दरमहा भाडं. बाजारभावाच्या मानाने ते भाडं बरंच कमी असतं, म्हणून बोली प्रीमियमवरच चढते. नियमांचं पुस्तक म्हणजे मध्य प्रदेशचे नगरपालिका अचल संपत्ती हस्तांतरण नियम, 2016. जाहिरातीत राखीव गाळे, अनामत आणि पट्ट्याची (भाडेकराराची) मुदत दिलेली असते. ती शेवटपर्यंत वाचावी, कारण आपल्या कामाचं वाक्य बहुधा शेवटच्या पानावर असतं: गाळ्यात कोणता धंदा चालेल, स्वयंपाकाचा गॅस ठेवता येईल का.

पण हल्ली गाळा ‘मिळतो’ तो बहुतेक वेळा लिलावात नव्हे, दलालामार्फत. मूळ पट्टेदाराने कुण्या काळी घेतलेला गाळा आता तिसऱ्याच माणसाकडे चालतो. तुम्हाला सांगतात, ‘भाडं थोडं, पगडी एवढी, कागदाचं नंतर बघू.’ इथे थांबा. पगडीची पावती नसते, म्हणून उद्या वाद झाला तर दाखवायला तुमच्या हातात काही नाही. निगमच्या दप्तरात नाव मूळ पट्टेदाराचंच असतं. नामांतरण, म्हणजे दप्तरात नावाची बदली, न करता पोटभाड्याने दिलेला गाळा निगमने परत घेतला तर तुमचे फ्रीज, कपाटं, पाटी सगळं फुटपाथवर. आणि निगमने बाजार पाडून नवा बांधायचा ठरवला, तर नव्या इमारतीतली जागा ज्याचं नाव पट्ट्यावर आहे त्याला. तुम्हाला दोन हात जोडून नमस्कार.

म्हणून निगमचा गाळा असा तपासावा. अलीकडची भाड्याची पावती मागा. तिच्यावर कुणाचं नाव आहे, थकबाकी किती, मुदत कधी संपते, एवढ्या तीन गोष्टी. पावती दाखवायला माणूस टाळाटाळ करू लागला की पुढचं बोलणं तिथेच संपलं असं समजा, गाळा कितीही मोक्याचा असो. नामांतरण करून द्यायला तो तयार असेल, तर मात्र चार पैसे जास्त मोजा. तिन्ही वाटांत दीर्घकाळ टिकणारा कागद हाच आहे.

राजवाडा: गिऱ्हाईक तयार, जमीन हलती

राजवाड्याभोवतीचा बाजार फराळाला साजेसा आहे, यात वाद नाही. सीतलामाता बाजारात साडी, मारोठिया बाजारात मसाला, खजुरी बाजारात पोरांची पुस्तकं, बर्तन बाजारात भांडी. घरच्या खरेदीला निघालेली बाई एकाच फेरीत हे सगळं उरकते. मारोठियात हळद-धणे घेऊन बाहेर पडणाऱ्या हातात भाजणीचं पाकीट सहज जातं. त्यामुळे मुख्य चौकातल्या दुकानासाठी जीव टाकण्यापेक्षा मारोठियाच्या तोंडाची आत वळणारी गल्ली बरी. चौकातला माणूस फोटो काढतो; गल्लीतला खरेदी करतो.

सरकारचं लक्षही या भागावर आहे. वाड्याची डागडुजी झाली, गोपाळ मंदिराची झाली, 20 मे 2025 ला तर राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठकच राजवाड्यात भरली. पण याच लक्षामुळे इथली जमीन हलती आहे. बडा गणपती ते कृष्णपुरा छत्री रस्ता रुंद करताना कितीतरी घरांचे आणि दुकानांचे दर्शनी भाग कापले गेले. अशा वेळी गेलेल्या जागेच्या बदल्यात जादा बांधकामाच्या हक्काचं बोलणं घरमालकाशी होतं. भाडेकरूचं नाव त्या फाइलीत शोधून सापडत नाही. मेट्रोच्या भुयारी टप्प्याच्या नकाशातही राजवाड्याचं स्टेशन आहे. खोदकाम सुरू झालं की पत्रे लागतात, पार्किंग जातं, आणि गिऱ्हाईक वर्ष-दोन वर्षं दुसरा रस्ता धरतं. मोठ्या दुकानाला हा खड्डा परवडतो, नव्याला नाही.

भाडेकराराचंही तसंच. 11 महिन्यांचा करार सर्रास होतो, कारण वर्षावरचा करार नोंदवावा लागतो. फर्निचरवर लाखभर रुपये घालणार असाल तर 11 महिन्यांवर विसंबू नका. निदान तीन वर्षांचा, नोंदवलेला, आणि रस्त्याच्या कामामुळे दुकान बंद राहिलं तर तेवढ्या काळाचं भाडं कसं धरायचं हे लिहिलेला करार मागा. मालक हसेल. हसू द्या, मागा.

सराफ्याची रात्रीची चौपाटी ही चौथी वाट पुष्कळांच्या मनात असते. रात्री सोन्याचांदीची दुकानं शटर ओढतात आणि त्याच ओट्यांपुढे शेगड्या पेटतात. दृश्य झकास, पण जागा पिढीजात. शिवाय आगीच्या भीतीने चौपाटी हलवा अशी सराफांची जुनी मागणी आहे. पथविक्रेता कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत एक तरतूद अशीही आहे की 50 वर्षांहून जुने नैसर्गिक बाजार वारसा-बाजार म्हणून जाहीर व्हावेत आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. चौपाटीच्या वादात ती कुणी नेटाने मांडावी असं फार वाटतं. ते असो, नवख्याने सध्या तिकडे फक्त गराडू (तळलेला कंद) खायला जावं.

दुकानाचा पैसा ठेल्यासारखा सोपा नाही. मुद्रा योजनेत तारणाशिवाय 50,000 पर्यंत शिशू, 5 लाखांपर्यंत किशोर, 10 लाखांपर्यंत तरुण असे टप्पे आहेत. शिशू कर्ज बँक फार खळखळ न करता देते; किशोरसाठी जागेचा करार आणि आधीच्या विक्रीचा काही पुरावा मागते. घरून ऑर्डर घेणाऱ्यांकडे नेमका हाच पुरावा नसतो. म्हणून दुकानाचा विचार पक्का व्हायच्या आधीपासून पैसे यूपीआयने एकाच खात्यात घ्या आणि उद्यम (लघुउद्योगाची सरकारी) नोंदणी करून ठेवा. ती फुकट होते. गुमास्ता (दुकानाची नोंदणी), खाद्य नोंदणी, निगमचं ट्रेड लायसन्स हे नंतर आलंच. ट्रेड लायसन्सचं शुल्क समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर आणि गाळ्याच्या क्षेत्रफळावर बसतं, हे मारोठियाच्या गल्लीच्या बाजूने आणखी एक कारण. कचऱ्याचे ओला-सुका डबे तिन्ही ठिकाणी सक्तीचे, आणि 120 मायक्रॉनखालच्या पिशवीचं चालान ठेल्यालाही होतं आणि शोरूमलाही.

मग कुणी काय करावं? हातात पैसा थोडा, पदार्थ गरम, आणि दिवसभर स्वतः उभं राहायची तयारी असेल तर ठेला, पण प्रमाणपत्र हातात आल्यावरच. डबाबंद फराळ करणाऱ्यांनी निगमच्या लिलावावर नजर ठेवावी आणि तोपर्यंत सुदामा नगरसारख्या आपल्याच वस्तीत घराच्या पुढच्या खोलीत किंवा लहानशा दुकानात विक्री चालवावी. तिथलं भाडं झेपतं आणि माल ओळखणारं गिऱ्हाईक शेजारीच असतं. राजवाड्यात उडी त्यांनीच घ्यावी ज्यांच्याकडे सहा महिन्यांचं भाडं बाजूला आहे आणि नोंदवलेला करार द्यायला तयार असलेला मालक आहे. यांतलं एकच असेल तर श्रावण-भाद्रपदापुरता एखाद्या ओळखीच्या दुकानाच्या काउंटरवर कोपरा मागा, विक्रीवर टक्केवारी द्या, आणि त्या दोन महिन्यांत भाजणी जास्त गेली की चकली याची वही ठेवा. बँकेतही तीच वही दाखवायची आहे.