नांगरट की नुसता रोटाव्हेटर?

एकाने विचारलं, रान तणाने भरलंय, नांगरू की डायरेक्ट रोटाव्हेटर (ट्रॅक्टरमागचं फिरत्या पात्यांचं अवजार) फिरवू? बघा, तण कुठलंय त्यावर सगळं. हराळी असेल तर रोटाव्हेटर नकोच, तो काशांचे, म्हणजे तिच्या जमिनीतल्या खोडांचे, तुकडे करून रानभर पसरवतो अन् डोळा असलेल्या प्रत्येक तुकड्याला कोंब फुटतो, मी हे केलंय, हराळीची लागवडच झाली म्हणा ना. पलटी नांगर 20-25 सेंमी खालची माती उलटवतो, काशा वर येऊन उन्हात वाळतात, पण डिझेल जास्त लागतं अन् ढेकळं फोडायला परत कुळवाची पाळी. रोटाव्हेटर एका फेरीत रान भुसभुशीत करतो, खोली मात्र 10-15 सेंमीच. बारीक कोवळं तण अन् पेरणीची घाई असेल तर तो पुरे, हराळी-लव्हाळ्याच्या रानाला उन्हाळी नांगरटच.