जाळी-तारेच्या ऑर्डरीत २,८३,९०८ रुपये गेले, कुंपणाचं काम करणाऱ्यांनी वाचाच

कास्तकाराकडून इसार घेऊन माल भरणाऱ्या कुंपणवाल्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. रायपूरच्या एका खऱ्या फर्मचं नाव, खरा जीएसटी क्रमांक आणि खरा पत्ता वापरून एक टोळी चेनलिंक जाळी आणि काटेरी तार 'कारखान्याच्या भावात' विकते आहे. माल नसतोच. आमचे २,८३,९०८ रुपये गेले. त्यातले ११,४६० एका खात्यात अडकून पडलेत, तेही अजून हातात नाहीत.

आधी ॲडव्हान्स, मग लोडिंगचा फोटो, मग बाकी रक्कम, मग 'गाडी नाक्यावर अडली'. ही चाल सगळ्यांना माहीत आहे. तरीपण "एवढ्या स्वस्ताला भुलायचं कशाला" म्हणणाऱ्यांनी आधी हिशोब बघावा. ऑर्डर चार वावरांची होती, मिळून ३,५०० रनिंग फूट. पाच फूट उंच, ३ इंची खणाची, १० गेजची जाळी चौरस फुटाला साधारण १७० ग्रॅम बसते, म्हणजे ३,००० किलो. काटेरी तारेचे वर दोन पदर आणि जमिनीलगत एक, कारण रानडुक्कर जाळी खालून उचलतं. ती ४०० किलो. आमच्याकडे ठोक दुकानात जाळी तेव्हा कर सोडून ८६ रुपये किलो होती. यांनी ७१ सांगितली, काटेरी तार ६९. पंधरा रुपयांचा फरक या धंद्यात अशक्य नाही. मधला दलाल गेला की भाव उतरतो, तारेवर जस्ताचा थर पातळ दिला की उतरतो. शंका आली ती जस्ताचीच, की दोन पावसाळ्यांत गंज धरेल. म्हणून नमुना मागवला. तो कुरिअरने आला, व्हर्नियरवर (जाडी मोजायच्या मापावर) ३.२५ मिलिमीटर भरला, म्हणजे बरोबर १० गेज. नमुन्यात काही खोट नव्हती. हातभर चांगली तार कोणत्याही दुकानातून घेऊन कुरिअर करता येते, एवढाच त्याचा अर्थ. नमुन्यावरून माल कळतो, विकणारा कळत नाही.

घाईचंही सांगतो. कापसाचा चुकारा आणि चण्याचे पैसे आले की कास्तकार इसार देतो आणि मृगाच्या आधी कुंपण उभं करून मागतो. त्याचं बरोबरच आहे. पेरणी झाली की रोही आणि डुकरं रात्रीतून वावर साफ करतात, आणि एकदा पाऊस लागला की काळ्या भारी जमिनीत मालाची गाडी धुऱ्यापर्यंत जात नाही. टोळीलाही हे पाठ आहे. त्यांच्या जाहिराती मे महिन्यातच येतात.

आता जिथं थांबायला हवं होतं ती जागा. कोटेशनवर ३,००० किलो जाळीचे २,१३,०००, तारेचे २७,६००, बेरीज २,४०,६००. त्याखाली कर: सीजीएसटी (केंद्राचा हिस्सा) ९ टक्के २१,६५४, एसजीएसटी (राज्याचा हिस्सा) ९ टक्के २१,६५४. एकूण २,८३,९०८. जीएसटी क्रमांक २२ ने सुरू होणारा, म्हणजे छत्तीसगडचा. माल उतरणार महाराष्ट्रात, ज्याचा कोड २७. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल गेला की सीजीएसटी-एसजीएसटी लागतच नाही, सरळ आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य जीएसटी, १८ टक्के लागतो. बेरीज तीच येते, ४३,३०८, आणि म्हणूनच नजर तिथं अडत नाही. महाराष्ट्रात रोज माल पाठवणाऱ्या रायपूरच्या व्यापाऱ्याच्या मुनिमाकडून असं कोटेशन निघणारच नाही. हा कागद पहिला रुपया जाण्याच्या आधीपासून मोबाइलमध्ये पडून होता! एवढा एक रकाना वाचला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. पण वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या, जीएसटी नोंदणी नसलेल्या कुंपणवाल्या कामगिऱ्याला कराचं क्रेडिट घ्यायचंच नसतं. तो शेवटचा आकडा पाहतो आणि तो इसारात बसतो का एवढंच जोडतो. हे त्या टोळीला पक्कं माहीत आहे, म्हणून ते आपल्यासारख्यालाच गाठतात, मोठ्या ठेकेदाराला नाही. नोंदणी असो वा नसो, दुसऱ्या राज्यातल्या विक्रेत्याच्या कोटेशनवर दोन कर दिसले तर फोन ठेवून द्या.

जीएसटी क्रमांक पोर्टलवर तपासलाही होता. 'ॲक्टिव्ह' दाखवत होता. दाखवणारच, चोरलेला क्रमांक खराच असतो. ॲक्टिव्ह पाहून थांबू नका. तिथंच त्या फर्मच्या मालाचे एचएसएन कोड, म्हणजे कोणता माल ते सांगणारे आकडे, दिसतात. काटेरी तार ७३१३ मध्ये येते, जाळी ७३१४ मध्ये. या फर्मच्या नावापुढे दोन्ही नव्हते, तिचा माल दुसराच. आणि कोटेशनवरच्या नंबरला फोन करून 'खात्री' करू नका, तो नंबर त्यांचाच असतो. फर्मचा नंबर दुसरीकडून काढा, किंवा त्या गावातल्या ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्याला गोडाऊनवर पाठवा.

३० टक्के म्हणून ८५,००० आधी गेले. खातं फर्मच्या नावाचं नव्हतं, एका माणसाचं बचत खातं होतं. "भैया, करंट अकाउंट का लिमिट पूरा हो गया है, भतीजे के खाते में डाल दो." शेतमालाच्या व्यवहारात अडत्याच्या भावाच्या, मुलाच्या खात्यात पैसे टाकायला आपण सरावलेलो आहोत, त्यामुळे हे कानाला खटकलं नाही. आयएफएससी कोड टाकून शाखा पाहिली असती तर ती रायपूरला तर नव्हतीच, छत्तीसगडातही नव्हती. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाप्रमाणे १ एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस आणि एनईएफटी करण्याआधी बँकेने समोरच्या खात्याचं नाव दाखवण्याची सोय द्यायची आहे. ती वापरा. नाव आणि बिल जुळलं नाही तर व्यवहार तिथंच सोडा, मग भतीजा असो की मुनीम.

बाकी १,९८,९०८ लोडिंगचे फोटो, बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) आणि ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा परवाना) आल्यावर गेले. ई-वे बिल पाहिलं की माणूस निर्धास्त होतो, कारण दुसऱ्या राज्यातून ५० हजारांवरचा माल त्याशिवाय निघत नाही. पण कागद मोबाइलवर कोणीही बनवतो. क्रमांक १२ आकडी असतो. तो क्रमांक, तारीख, बनवणाऱ्याचा जीएसटी क्रमांक आणि बिलाचा क्रमांक ई-वे बिलाच्या पोर्टलवर टाकला की खरं-खोटं कळतं. मुदत २०० किलोमीटरला एक दिवस असते. रायपूरहून आमच्याकडे चारशेच्या आत-बाहेर अंतर, यांच्या कागदावर मुदत होती सहा दिवसांची. गाडीचा क्रमांक नंतर एम-परिवहन या गाड्यांच्या नोंदणीच्या सरकारी ॲपवर टाकला तर ती मोटारसायकल निघाली. मोटारसायकलवर साडेतीन टन जाळी!

पैसे शनिवारी संध्याकाळी मागितले. एनईएफटी चोवीस तास चालतं, बँकेची शाखा चालत नाही. सोमवारी फोन आला की गाडी 'जीएसटी नाक्या'वर अडली आहे, ४३,३०८ दंड भरा, नंतर परत मिळेल. हे दिलं नाही, कारण इथं मात्र खोटं उघडं पडलं. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर विक्रीकराचे नाके उठले, तपासणी आता फिरती पथकं करतात. जीएसटी कायद्याच्या कलम १२९ खाली मालक पुढे आला तर दंड कराच्या दुप्पट असतो, म्हणजे इथं ८६,६१६. तो लेखी आदेशावर पोर्टलमधून सरकारी खात्यात भरला जातो, कुणाच्या यूपीआयवर नाही. नकार दिला तसा फोन बंद झाला.

यापुढचं जास्त संतापजनक आहे. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लागायलाच वेळ गेला. लागल्यावर यूटीआर क्रमांक (बँक व्यवहाराचा क्रमांक), समोरचं खातं, आयएफएससी आणि वेळ एवढं विचारतात. हे कागदावर लिहून मगच फोन करा, शोधण्यात मिनिटं जातात आणि तेवढ्यात पैसे पुढच्या खात्यात सरकतात. तक्रार क्रमांक घेऊन तालुक्याच्या ठाण्यात गेलो तर उत्तर, "हे सायबरचं आहे, जिल्ह्याले जा." जिल्ह्याला गेलो तर, "ठाण्यातून कागद आणा." मग ठाण्यात पुन्हा, "भाऊ, एवढ्या स्वस्तात कोण देते? तुमाले समजाले नको?" फसवणाऱ्याला शोधायचं सोडून फसलेल्याची उलटतपासणी! फसवणूक हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालचा गुन्हा आहे, तोतयेगिरी ३१९ खाली. दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्दीचं कारण न सांगता नोंदवून घ्यायची असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं, आणि एफआयआरची प्रत फुकट द्यायची असते. नकार दिला तर तीच तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. आमची एफआयआर अधीक्षकांकडे रजिस्टर्ड टपाल गेल्यावरच झाली. कायद्यात सोय असून कास्तकाराने, कामगिऱ्याने प्रत्येक पायरीवर हात जोडायचे?

बँकेचं तर विचारूच नका. आपली बँक म्हणते, "तुम्ही स्वतः पाठवले, आम्ही काय करणार?" समोरची बँक म्हणते, "तुम्ही आमचे ग्राहक नाही." गावभर लोक सांगतात की तीन दिवसांत तक्रार केली की पैसे परत येतात. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं ते परिपत्रक तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारासाठी आहे, स्वतः पाठवलेल्या पैशाला ते लागत नाही. त्या भरवशावर एक तासही वाया घालवू नका. पण दुसऱ्याच्या नावाने चालणारं बचत खातं उघडताना कागद तपासायचं काम कुणाचं होतं? रात्रीतून खात्यात दोन लाख येतात, लगेच एटीएममधून आणि पुढच्या खात्यांत जातात, हे कुणाला दिसत नाही? आमच्या बचत गटाच्या बाईला पाच हजार काढायला तीन सह्या मागतात!

अडकलेले ११,४६० सोडवायलाही आमच्याकडून कोर्टाचा आदेश मागितला. पोलिसांचा अहवाल येईपर्यंत तारीख पुढे जाते. इकडे चार कास्तकारांचा इसार घेतलेला, काम तर करावंच लागतं. जाळी उधारीवर उचलली ८६ च्या भावाने, महिन्याला दोन टक्के व्याज, आणि वरून वाढलेली मजुरी. खांब गावातच ओतलेले होते म्हणून तेवढं तरी वाचलं.

आता आमच्याकडे इसार मालाच्या नावानेच घेतला जातो, आणि बाहेरच्या विक्रेत्याला १० टक्क्यांवर ॲडव्हान्स नाही. बाकी रक्कम गाडी आपल्या धरमकाट्यावर (गाडीसकट वजन करायच्या काट्यावर) चढून काट्याची पावती हातात आल्यावर. खरा व्यापारी कुरकुर करतो, पण मान्य करतो. काट्यावरच दोन-तीन गठ्ठ्यांतून तार मोजा. रनिंग फुटावर घेत असाल तर नक्कीच, कारण तिथं १० गेजच्या नावाने १२ देतात. १२ गेजची तार २.६४ मिलिमीटर असते, १० गेजच्या मीटरला ६५ ग्रॅम, हिच्या मीटरला ४३, म्हणजे तिसरा हिस्सा लोखंड गायब.

तेच फोटो आता सोलर झटका मशीनच्या (कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणाऱ्या यंत्राच्या) जाहिरातीत फिरताहेत, फर्मचं नाव फक्त वेगळं. पैसे टाकण्याआधी मोबाइल नंबर आणि खाते क्रमांक सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर संशयितांच्या शोधात टाकून पाहा. आणि ज्यांचे पाच हजारसुद्धा गेले असतील त्यांनी लाजेपोटी गप्प बसू नका, १९३० वर नोंदवा. एकाच खात्यावर जितक्या तक्रारी पडतील तितकं ते खातं ठाण्यातल्या टेबलावरून झटकून टाकणं त्यांना अवघड जाईल.