सुवार्ता प्रशिक्षण शिबिर, नाशिक: थांबायचं कधी, हेही इथे शिकवतात

सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगण्याचं प्रशिक्षण देणारी शिबिरं आपल्या मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) बरीच भरतात. सुरुवात कशी करायची, साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव, थोडक्यात कशी द्यायची, छापील पत्रिका केव्हा हातात ठेवायची, हे सगळीकडे शिकवतात. समोरच्याने नको म्हटलं की पुढे काय, यावर मात्र सगळे गप्प. नाशिकच्या या दोन दिवसांच्या निवासी शिबिरात त्यावर अख्खी दुपार दिली होती, म्हणून सविस्तर लिहिते आहे. मी अहिल्यानगरची. मंडळीतल्या आम्ही काही जणी सरकारी दवाखान्यात रुग्णांना भेटायला जातो, त्यामुळे हा प्रश्न मला दर आठवड्याला पडतो. आयोजकांनी आमचं नाव ऑनलाइन टाकू नका अशी विनंती केली होती, ती पाळते.

फी पंधराशे रुपये, राहणं-जेवण धरून. खोल्या स्वच्छ, गरम पाणी सकाळी सातपर्यंतच. जेवण साधं आणि चांगलं. मटकीची उसळ तर दोनदा मागून घेतली. सभागृहात मागच्या रांगेत आवाज नीट येत नाही, तेव्हा लवकर जाऊन पुढे बसा.

पहिला दिवस ठीक. गाणी, गट, चर्चा, नेहमीचंच. सोबत दिलेली कार्यपुस्तिका मला अजिबात आवडली नाही. मराठी इतकी अवघड की शेजारच्या कॉलेजच्या मुलीला मी वाक्यं फोडून सांगत होते. शेवटी एक कार्ड आहे, त्यात ओळखीच्या माणसांची नावं लिहून प्रत्येकापुढे ‘उत्सुक’, ‘तटस्थ’, ‘विरोधी’ अशी खूण करायची. ज्या बाईच्या पोरीच्या बारशाला मी जेवून आले, तिच्या नावापुढे मी ‘विरोधी’ लिहू? ते कार्ड मी कोरंच परत दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोलले ते एक निवृत्त पाळक (चर्चचे धर्मगुरू). अनेक वर्षं दवाखान्यात रुग्णांची सेवा केलेले. त्यांनी मधोमध एक खुर्ची ठेवली, शेजारी कपडे वाळत घालायचा स्टँड उभा केला आणि त्याला सलाईनची रिकामी बाटली टांगली. एका तरुणाला खुर्चीवर बसवून हातावर नळी चिकटवली. मग मला म्हणाले, “ताई, याला साक्ष द्या.” मी बोलायला लागले. तो मुलगा ऐकत होता, मान हलवत होता. दोन मिनिटांनी पाळकसाहेबांनी त्याला विचारलं, “तुला उठून जावंसं वाटलं तर?” तो नळीकडे बघत म्हणाला, “कसा जाणार?”

सभागृह शांत झालं. ते म्हणाले, “ज्याला उठून जाता येत नाही, त्याचा होकार होकार समजू नका.” मग एकेक उदाहरण घेतलं: घरी कामाला येणारी बाई, आपल्या वर्गातलं पोर, आपल्याकडून उसने पैसे घेतलेला माणूस, आपल्या हाताखालचा कारकून. हे सगळे मान हलवतात, कारण नाही म्हणणं त्यांना परवडत नाही. अशा माणसाने स्वतःहून विचारल्याशिवाय बोलायचं नाही, एवढा सरळ नियम त्यांनी सांगितला. मला तो पूर्ण पटला.

छत्रपती संभाजीनगरहून आलेल्या एका भावाने तावातावाने विचारलं, “मग महान आज्ञेचं काय? जाऊन सर्व राष्ट्रांना शिष्य करा, हे प्रभूचंच ना?” उत्तरात पाळकसाहेबांनी बायबलमधल्या मार्कच्या दहाव्या अध्यायातला श्रीमंत माणूस काढला. येशूने त्याच्याकडे प्रेमाने पाहिलं, आहे ते विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये असं एकदाच स्पष्ट सांगितलं, आणि तो खिन्न होऊन निघून गेला. येशू त्याच्यामागे धावला नाही, की अट सैल करून त्याला परत बोलावलं नाही. योहानाच्या सहाव्या अध्यायातही पुष्कळ शिष्य सोडून जातात, तेव्हा तो बारा जणांना विचारतो की तुम्हालाही जायचं आहे का. जायची मोकळीक तो जवळच्यांनाही देतो.

जिथे तुमचं ऐकत नाहीत तिथून निघताना पायांची धूळ झटका, हे येशूने शिष्यांना सांगितलेलं वचनही निघालं, मत्तय १०:१४. पुष्कळ लोक ते रागाने वापरतात: नाही ऐकलंस ना, मग संबंध संपला. मला याबाबत थोडं वेगळं वाटतं. ते शिष्य गावोगाव चालत निघाले होते, त्यांना पुढचं गाव होतं. आपल्याला रोज त्याच जिन्याने चढायचं-उतरायचं असतं. आमच्या समोरच्या काकू वारकरी. त्यांनी मला एकदा स्वच्छ सांगितलं, “ऐकलं गं बाई तुझ्या देवाचं. आता दुसरं काही बोल.” त्या दिवसापासून तो विषय मी काढलेला नाही. त्यांना केमोसाठी नेते-आणते, आणि रिक्षात आम्ही त्यांच्या सुनेबद्दल, भाजीच्या भावाबद्दल बोलतो. यात मी काही लपवते आहे किंवा वेळेची वाट बघते आहे असं नाही. त्या माझ्या काकू आहेत, बस.

सत्रातला सर्वांत उपयोगी भाग फोनचा. सगळ्यांना व्हॉट्सअॅप उघडायला लावलं. रोज सकाळी आपण ज्यांना वचन पाठवतो, त्यांतल्या किती जणांनी कधी उत्तर दिलं ते बघा, म्हणाले. माझ्या शेजारच्या बाई एक चॅट वर सरकवत होत्या: गुलाबाची चित्रं, सूर्योदयाची चित्रं, निळ्या खुणा, आणि पलीकडून एकही शब्द नाही. तिथल्या तिथे त्यांनी ते नाव यादीतून काढलं. गप्प राहणं हेही उत्तरच आहे, विशेषतः आपल्याकडे, जिथे तोंडावर नाही म्हणायला माणसं संकोचतात. “तुमच्यासाठी प्रार्थना करतेय हं” असं प्रत्येक भेटीत म्हणणंही सांगत राहण्यातच मोडतं, हे पाळकसाहेबांनी आवर्जून सांगितलं. प्रार्थना करा, एकट्याने करा, ऐकवू नका.

पुन्हा केव्हा बोलायचं? १ पेत्र ३:१५ वाचलं. जो विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार असावं, पण सौम्यतेने आणि आदराने. विचारणारा आधी, सांगणारा नंतर.

नाशिकमध्ये शिबिर म्हटल्यावर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा विषय निघणारच. लक्ष्मीबाईंचं माहेर जलालपूर इथून जवळच. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यासोबत नव्हत्या. त्या ख्रिस्ती झाल्या काही वर्षांनंतर, स्वतःच्या विचाराने. हे फार छान सांगितलं. पंडिता रमाबाईंचं मात्र अर्धंच सांगितलं. १८८९ मध्ये विधवा मुलींसाठी शारदा सदन काढल्यावर, स्वतः ख्रिस्ती असलेल्या रमाबाई दार उघडं ठेवून प्रार्थना करत. मुलींना बोलावत नसत, अडवतही नसत. पण १८९३ मध्ये, मुली ख्रिस्ती होतील म्हणून, यावरूनच गदारोळ झाला, रानडे-भांडारकर या हिंदू सुधारकांनी सदनाचं सल्लागार मंडळ सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या मुली रमाबाईंच्याच आसऱ्याला होत्या. रमाबाईंबद्दल मला अपार आदर आहे, पण खुर्ची आणि सलाईन दाखवल्यावर हा प्रश्न टाळायला नको होता. उघडं दार पुरेसं आहे का, यावर तासभर तरी चर्चा हवी होती.

कायद्याचा भाग दहा मिनिटांत उरकला. संविधानाच्या अनुच्छेद २५ मध्ये धर्माचा प्रसार करण्याचा हक्क आहे. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये म्हटलं. एवढं सांगून पुढे गेले. प्रश्न विचारायला हात वर होते, ते तसेच राहिले. इथे वकील बोलवायलाच हवा.

पाचपैकी चार तारे देते. एक तारा त्या कार्डासाठी कापला, आणि तसं अभिप्रायाच्या कागदावर नाव-सहीनिशी लिहूनही दिलं. दवाखान्यात, वसतिगृहात, शाळेत काम करणाऱ्या विश्वासू लोकांनी हे शिबिर जरूर करावं. नवीन बाप्तिस्मा झालेल्या, उत्साहाने भरलेल्या तरुणांना तर मंडळीने खर्च करून पाठवावं. दोन्ही दिवस जमत नसतील तर आयोजकांना सांगून फक्त दुसऱ्या दिवशी या, ते नाही म्हणत नाहीत.